वेल्सची माता : मोन

इंग्लंडचा इतिहास म्हणून आपल्याकडे जो वाचला जातो तो बहुतांशीं लंडनच्या राजवाड्याचा व तेथील पार्लमेंटाचा इतिहास असतो. त्या राजवाड्यापासून दूर, पश्चिमेच्या डोंगराळ कोंपऱ्यांत, वेल्स नांवाचा एक निराळा देश आहे. तेथील मूळचे लोक इंग्रज नव्हेत, त्यांची भाषा इंग्रजी नव्हे, आणि आपल्या देशाचें नांवहि ते 'वेल्स' असें न सांगतां 'कम्री' असें सांगतात, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांसहि ठाऊक नसते. 'वेल्श' हा शब्द इंग्रजांनीं दिलेला आहे व त्याचा मूळ अर्थ 'परके' असा आहे. आपल्याच देशांत ज्यांस बाहेरून आलेल्यांनीं परके म्हटलें, त्या लोकांच्या एका लहानशा जिल्ह्याची कहाणी आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

या जिल्ह्याचें वेल्श नांव मोन. इंग्रजींत त्यास अँगल्सी म्हणतात. परंतु तें नांवहि मूळचें इंग्रजी नसून, उत्तरेकडून लुटालुटीस येणाऱ्या नॉर्स दर्यावर्द्यांच्या भाषेंतून आलेलें आहे. वेल्सच्या वायव्य टोंकास असलेलें हें बेट अवघें ७१४ चौरस किलोमीटरांचें, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याएवढें. २०२१ च्या खानेसुमारींत तेथील लोकसंख्या ६९ हजारांच्या आंतच भरली. बेट व मुख्य भूमि यांच्यामध्यें मेनाइ नांवाची सुमारें २५ किलोमीटर लांबीची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. ती कांहीं ठिकाणीं इतकी अरुंद आहे कीं पलीकडचा मनुष्य ओळखूं यावा. परंतु तिच्यांतील भरती-ओहोटीचे प्रवाह मोठे दगाबाज आहेत. या पाण्यापलीकडून दोन हजार वर्षें एकामागून एक सत्ताधीश आले. प्रत्येकानें बेटाचें कांहीं ना कांहीं नेलें. काय गेलें, काय राहिलें, आणि जें राहिलें तें कोणीं राखलें, एवढाच हिशेब आम्हांस येथें मांडावयाचा आहे.

बेटावरील मनुष्यवस्ती फार प्राचीन आहे. ब्रिन केल्ली दी, म्हणजे 'काळ्या राईंतील टेकडी', या ठिकाणीं सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींची एक समाधि आहे. मोठमोठ्या शिळा उभ्या करून त्यांवर मातीचा उंचवटा केलेला, आंत जाण्यास एक अरुंद दगडी वाट, आणि ती वाट अशा रोंखानें बांधलेली कीं वर्षांतील सर्वांत मोठ्या दिवशीं उगवत्या सूर्याचे किरण थेट आंतल्या दालनांत शिरावेत. ज्यांनीं ही समाधि बांधली त्यांची भाषा गेली, त्यांच्या देवांचीं नांवेंहि गेलीं. सूर्य मात्र अद्याप त्या दिवशीं नेमानें आंत येतो.

पुढें केल्टिक भाषा बोलणारे लोक येथें नांदूं लागले, व त्यांच्या ड्रुइड नांवाच्या पुरोहितवर्गाचें हें बेट मोठें आश्रयस्थान बनलें. ज्युलियस सीझर यानें गॉल देशाच्या युद्धावरील आपल्या ग्रंथांत या वर्गाचें जें वर्णन केलें आहे तें वाचून आमच्या वाचकांस घनपाठी वैदिकांची आठवण झाल्यावाचून राहणार नाहीं. तो सांगतो कीं, ड्रुइडांचे शिष्य गुरूपाशीं असंख्य पद्यें मुखोद्गत करीत. कोणी कोणी वीस वीस वर्षें अध्ययन करीत. इतर व्यवहारासाठीं त्यांस लिपि अवगत असे, परंतु ही विद्या लिहून ठेवणें ते अनुचित समजत. या विद्येचा उगम ब्रिटनमध्यें झाला असें गॉलमधील लोक मानीत, असेंहि तो नमूद करतो.

इ. स. ६० च्या सुमारास रोमचा सेनापति स्वेटोनियस पॉलिनस मेनाइच्या कांठीं येऊन ठेपला. पायदळ सपाट तळाच्या होड्यांतून व घोडदळ उथळ पाण्यांतून पार झालें. टॅसिटस या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे कीं, पैलतीरावर सशस्त्र योद्ध्यांची दाटी होती. काळीं वस्त्रें नेसलेल्या, केंस मोकळे सोडलेल्या स्त्रिया हातांत पेटते पलिते घेऊन त्यांच्यामधून धांवत होत्या. आणि ड्रुइड आकाशाकडे हात उभारून शापवाणी उच्चारीत होते. तें दृश्य पाहून रोमन शिपाई क्षणभर जागच्या जागीं खिळून राहिले. परंतु तें क्षणभरच. मग कत्तल झाली, बेटावर शिबंदी बसली, व ड्रुइडांच्या देवराया तोडून टाकण्यांत आल्या. तेथील वेदींवर नरबळी दिले जात असा आरोप टॅसिटस करतो. तो जेत्यांच्या पक्षाचा इतिहासकार होता हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. इतक्यांत आग्नेयेकडे बूडिका राणीचें बंड उठल्यामुळें रोमन सैन्यास परतावें लागलें, पुढें इ. स. ७८ च्या सुमारास टॅसिटसचाच सासरा अग्रिकोला यानें बेट कायमचें जिंकलें.

येथें आम्हांस क्षणभर थांबावेंसें वाटतें. ड्रुइडांचीं तीं असंख्य पद्यें, वीस वर्षांच्या अध्ययनाची ती विद्या, यांपैकीं आज एक चरणहि शिल्लक नाहीं. आपली वेदविद्याहि मुखानेंच आली, परंतु ती अनेक प्रांतांत, अनेक शाखांत, अनेक घरांत विखुरलेली असल्यामुळें एका ठिकाणीं खंड पडला तरी दुसऱ्या ठिकाणीं चालू राहिली. मुखानें येणाऱ्या वस्तूचा स्वभावच असा आहे. ती एका पिढीच्या हातून दुसरीच्या हातीं जाते, आणि मधली एकच पिढी तुटली तर मागच्या शंभर पिढ्यांचे श्रम व्यर्थ होतात.

त्या काळाची एक वस्तु मात्र विलक्षण रीतीनें हातीं आली. १९४२ सालीं, महायुद्ध चालू असतां, बेटाच्या पश्चिम भागांत विमानतळ बांधण्याचें काम सुरू होतें. लिन केरिग बाख नांवाच्या एका लहानशा तळ्याकांठची दलदलीची माती उपसतांना एक जुनी लोखंडी साखळी निघाली. कामगारांनीं ती ट्रॅक्टरास बांधून चिखलांत रुतलेल्या मालमोटारी ओढण्यास वापरली, आणि तिनें तें काम उत्तम केलें! मागाहून कळलें कीं ती सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींची असून गुलामांच्या वा बंदिवानांच्या गळ्यांत अडकविण्याची होती. तिला पांच कंठकड्या आहेत. तिच्याबरोबर तरवारी, भाले, रथांचे भाग असे दीडशेंहून अधिक जिन्नस सांपडले. देवतेस अर्पण म्हणून ते तळ्यांत सोडलेले असावेत. आज ते कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहेत. बंदिवानांची साखळी दोन हजार वर्षें टिकली. गुरुशिष्यांची टिकली नाहीं.

रोमन गेले, व वेल्श राजांचा काळ आला. ग्विनेद राज्याच्या अधिपतींची मुख्य राजसभा याच बेटावर, अबेरफ्राउ येथें होती. जवळच्या एका देवळांत सातव्या शतकांतील कॅडव्हन राजाचा स्मारकशिलालेख आहे. त्यांत त्यास सर्व राजांमध्यें अतिशय शहाणा व कीर्तिमान् असें लॅटिनमध्यें म्हटलें आहे. तेराव्या शतकांत थोरला लिवेलिन याचा दरारा सर्व वेल्सभर होता, तरी तो स्वतःस 'अबेरफ्राउचा राजा' असेंच म्हणवीत असे. ११८८ सालीं जिराल्डस नांवाचा विद्वान् पाद्री या भागांतून फिरला. बेट दिसावयास रुक्ष व खडकाळ, परंतु जमीन गव्हास फार चांगली, असें सांगून तो लिहितो कीं, इतर प्रांतांत पीक बुडालें तरी हें एकटें बेट सबंध वेल्सला धान्य पुरवितें, म्हणून लोक त्यास 'वेल्सची माता मोन' असें म्हणतात. 'मोन माम कम्री' हे ते मूळचे तीन शब्द. आज आठशें वर्षांहून अधिक काळ तें बिरुद चालू आहे. ज्या भूमीनें पोटास घातलें तिला आई म्हणण्याची रीत आपल्याकडेच आहे असें नव्हे.

११ डिसेंबर १२८२ रोजीं शेवटचा स्वतंत्र वेल्श राजा, दुसरा लिवेलिन, मारला गेला, आणि १२८४ च्या कायद्यानें इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें ग्विनेदचे जिल्हे पाडले. मोन हा 'जिल्हा' झाला तो असा. दहा वर्षांनीं, १२९४ सालीं, वेल्श लोकांनीं मोठें बंड केलें. तें मोडून एडवर्डानें १२९५ मध्यें मेनाइच्या तोंडाशीं ब्यूमॅरिसचा किल्ला बांधावयास घेतला. जागा साफ करण्यासाठीं शेजारच्या लानव्हाइस या भरभराटीच्या वेल्श बंदरांतील लोकांस उठवून बेटाच्या दुसऱ्या बाजूस नेऊन बसविलें. त्या वस्तीस न्यूबरो, म्हणजे 'नवें नगर', असें नांव मिळालें. किल्ला मात्र पुरा झालाच नाहीं. पैसा स्कॉटलंडच्या लढायांकडे वळला व बुरूज अर्धवट राहिले. तटाच्या आंत तट अशी त्याची रचना इतकी प्रमाणबद्ध आहे कीं १९८६ सालीं त्याची गणना जागतिक वारशांत झाली. ज्यांचीं घरें तेथें उठलीं त्यांचें मात्र कोणतेंहि स्मारक नाहीं.

यापुढचा भाग दैवाची थट्टा वाटावी असा आहे. मोनमधील पेनमिनिद या खेड्याच्या घराण्यांतील ओवेन ट्यूडर नांवाच्या एका गृहस्थानें इंग्लंडच्या पांचव्या हेन्रीच्या विधवा राणीशीं विवाह केला. त्याचा नातू १४८५ सालीं रणांत विजयी होऊन सातवा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला. वेल्श लोकांस वाटलें, आपलें राज्य आलें! परंतु या सातव्या हेन्रीचा मुलगा आठवा हेन्री यानेंच १५३६ च्या कायद्यानें वेल्स इंग्लंडांत विलीन केलें, न्यायालयांचें कामकाज इंग्रजींत चालावें असें ठरविलें, आणि इंग्रजी न वापरणाऱ्यास सरकारी अधिकारपद बंद केलें. मोनच्या पणतूनेंच मोनची भाषा कचेरीबाहेर काढली. त्यानें मठहि मोडले. त्यांत लानव्हाइसचा मठ गेला. थोरल्या लिवेलिननें १२३७ मध्यें वारलेल्या आपल्या राणीच्या, सिवानच्या, दफनस्थानीं तो स्थापिला होता. पुढें बराच काळ राणीची दगडी शवपेटी घोड्यांस पाणी पाजण्याचें कुंड म्हणून वापरली जात होती. आज ती ब्यूमॅरिसच्या देवळांत आहे.

कचेरींतून गेलेली भाषा मग राहिली कोठें? दोन ठिकाणीं : घरांत व देवळांत. प्रजेनें नवा धर्मपंथ समजून घ्यावा या हेतूनें १५६३ मध्यें पार्लमेंटानेंच बायबल वेल्शमध्यें आणण्याची आज्ञा केली. १५६७ मध्यें नवा करार व १५८८ मध्यें समग्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका कायद्यानें दाराबाहेर घालविलेली भाषा दुसऱ्या कायद्यानें देव्हाऱ्यांत बसली. अठराव्या शतकांत दक्षिण वेल्समधील ग्रिफिथ जोन्स या पाद्र्यानें फिरत्या शाळा काढल्या. शेतीचीं कामें थंडावलेल्या हिंवाळ्यांत शिक्षकानें खेड्यांत यावें, सुमारें तीन महिने लहानथोरांस मातृभाषेंत वाचावयास शिकवावें, व पुढल्या गांवीं जावें. १७६१ मध्यें तो वारला तोंपर्यंत अशा तीन हजारांहून अधिक शाळा भरल्या होत्या. ही लाट मोनमध्येंहि पोंचली. पुढें रविवारच्या शाळांनीं तेंच काम चालविलें. त्यांत नातू व आजोबा एकाच बांकावर बसून एकच पुस्तक वाचीत.

आतां ज्या कुटुंबामुळें आम्हां संस्कृतज्ञांस या बेटाविषयीं विशेष आपुलकी वाटते त्याची हकीकत सांगतों. १६७५ सालीं मोनमधील एका लहान शेतकऱ्याच्या घरीं विल्यम जोन्स नांवाचा मुलगा जन्मला. धर्मादाय शाळेंत त्याची गणितांतील गति पाहून तेथील एका जमीनदारानें त्यास लंडनला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर लावून दिलें. हाच मुलगा पुढें न्यूटन व हॅली यांच्या स्नेहांतील गणिती झाला. वर्तुळाचा परीघ व व्यास यांच्या गुणोत्तरासाठीं 'पाय' हें ग्रीक अक्षर प्रथम त्यानें १७०६ मध्यें आपल्या ग्रंथांत वापरलें. आपल्या घरांतील प्रत्येक शाळकरी मूल आज जें चिन्ह गिरवितें तें या मोनच्या शेतकरीपुत्राचें देणें आहे.

त्याचा मुलगा तो सर विल्यम जोन्स. जन्म १७४६, लंडन. तीन वर्षांचा होण्यापूर्वींच बाप वारला. इंग्रज आईनें त्यास वाढविलें व मोठ्या निष्ठेनें शिकविलें. १७८३ मध्यें तो कलकत्त्यास न्यायाधीश म्हणून आला, १७८४ मध्यें त्यानें एशियाटिक सोसायटी स्थापिली, पंडितांपाशीं बसून संस्कृत शिकला, १७८९ मध्यें शाकुंतलाचें भाषांतर प्रसिद्ध करून कालिदासास यूरोपांत नेलें, व १७९४ मध्यें कलकत्त्यासच देह ठेविला. २ फेब्रुवारी १७८६ रोजीं त्यानें सोसायटीपुढें प्रतिपादन केलें कीं, संस्कृत, ग्रीक व लॅटिन या कोणा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात; आणि गॉथिक व केल्टिक यांचेंहि मूळ तेंच मानण्यास, तितकें बळकट नसलें तरी, कारण आहे. केल्टिक म्हणजे ज्या कुळांत वेल्श येते तें कूळ. त्याचें म्हणणें पुढें खरें ठरलें. वेल्श भाषेंत दांतास 'दान्त' म्हणतात, महिन्यास 'मीस', तीनास 'त्री', सातास 'साइथ', नवास 'नाउ', दहास 'देग'. आपले दन्त, मास, त्रि, सप्त, नव, दश डोळ्यांपुढें ठेवून वाचकांनीं हे शब्द एकदां मोठ्यानें म्हणून पाहावेत.

परंतु याच महापंडिताच्या कागदांत त्यास येणाऱ्या अठ्ठावीस भाषांची एक यादी सांपडली. तिच्यांत तीन वर्ग आहेत : आठ भाषा कसून अभ्यासिलेल्या, आठ कोशाच्या साह्यानें समजणाऱ्या, आणि बारा अगदीं जुजबी. संस्कृत पहिल्या वर्गांत आहे. वेल्श, म्हणजे त्याच्या बापाची मातृभाषा, तिसऱ्या वर्गांत आहे. यांत त्याचा अपराध कोणता? बाप लंडनला गेला तो पोटासाठीं; घरांत आई इंग्रजी बोलणारी; आणि ज्याच्या मुखांतून ती भाषा कानीं पडावयाची तो बाप मूल बोलूं लागतांच नाहींसा झाला. जगांतील भाषांचीं नातीं ज्यानें जगास दाखविलीं, त्याचें स्वतःच्या आजीच्या भाषेशीं असलेलें नातें एकाच पिढींत सुटलें.

इकडे बेटावर २ मार्च १७६८ रोजीं एका ओसाड डोंगरांत तांब्याचा प्रचंड सांठा सांपडला. पॅरिस या फ्रान्सच्या राजधानीशीं नामसादृश्य असलेल्या या डोंगरावर थोड्याच वर्षांत यूरोपांतील सर्वांत मोठी तांब्याची खाण झाली. टॉमस विल्यम्स नांवाच्या बेटावरील एका वकिलानें हा धंदा असा हातीं घेतला कीं लोक त्यास 'तांब्याचा राजा' म्हणूं लागले. समुद्रांतील किड्यांनीं लांकूड पोखरूं नये म्हणून ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळांस जो तांब्याचा पत्रा मारीत त्यांतील पुष्कळ येथला असे. खनिजाचे धोंडे फोडण्याचें काम बायका करीत. एका हातांत लोखंडी कड्यांचा मोजा व दुसऱ्या हातांत हातोडा. १७८७ मध्यें खाणीच्या कंपनीनें मजुरांच्या पगारासाठीं स्वतःचीं तांब्याचीं नाणीं पाडलीं. त्यांवर कोणाचें चित्र? ड्रुइडाचें! ज्या विद्येचा एक शब्दहि उरला नव्हता तिच्या आचार्याचें डोकें पैशावर आलें. खाणीची भरभराट कांहीं दशकांची. तो डोंगर मात्र आजहि तांबूस-पिवळा, ओकाबोका उभा आहे.

१८०१ मध्यें आयर्लंडचें पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटांत विलीन झालें, आणि डब्लिनहून येणाऱ्या सभासदांस व टपालास चांगल्या रस्त्याची निकड लागली. तो रस्ता मोनवरून जात होता. तोंवर बेटावरील लोक होडीनें मेनाइ ओलांडीत व बाजारास न्यावयाचीं गुरें पोहून पार नेलीं जात. टेल्फर्ड या स्थापत्यविशारदानें लोखंडी साखळ्यांवर टांगलेला पूल बांधला; तो ३० जानेवारी १८२६ रोजीं खुला झाला. त्याचा मधला गाळा ५७९ फूट असून खालून उंच डोलकाठ्यांचीं जहाजें जावींत म्हणून तो पाण्यापासून १०० फूट उंच आहे. १८५० मध्यें रॉबर्ट स्टीफन्सनचा रेल्वेपूल झाला. लंडन व डब्लिन यांच्या सोयीसाठीं बांधलेल्या या पुलांनीं मोनची गैरसोय दूर केली हें खरें. पण माल, पाहुणे, पगार व इंग्रजी भाषा हीं सर्व त्याच वाटेनें आलीं, आणि बेटाचीं तरुण मुलें त्याच वाटेनें गेलीं.

१८४७ मध्यें वेल्समधील शिक्षणाच्या चौकशीसाठीं नेमलेल्या तीन इंग्रज कमिशनरांचा अहवाल बाहेर पडला. तिघांपैकीं एकासहि वेल्श येत नव्हतें! शाळांची दैना त्यांनीं दाखविली ती खरी होती. परंतु वेल्श भाषा हाच प्रगतींतला अडथळा, असें सांगून त्यांनीं वेल्श स्त्रियांच्या शीलावरहि शिंतोडे उडविले. तो अहवाल तेथें अद्याप संतापानेंच आठविला जातो. त्या शतकांत वेल्समधील अनेक शाळांत एक क्रूर प्रथा होती. वेल्श बोलतांना सांपडलेल्या मुलाच्या गळ्यांत एक लांकडी फळी अडकवीत. त्यानें दुसऱ्या कोणास बोलतांना पकडलें कीं ती त्याच्या गळ्यांत जाई. आणि शाळा सुटतांना जिच्या वा ज्याच्या गळ्यांत ती असे त्या मुलास मार बसे. हयात शाळेंत घालविलेल्या आमच्यासारख्यास हें वाचतांना लाज वाटते. अधिक विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं या प्रथेस पुष्कळदां आईबापांची संमति असे. मुलाचें कल्याण इंग्रजींत आहे असें त्यांस मनापासून वाटे. ते मुलांचे वैरी खास नव्हते.

तरीहि भाषा मेली नाहीं, आणि तिच्या रक्षणांत या बेटानें आपला वांटा उचलला. मेनाइकांठीं लानव्हाइरपूल नांवाचें एक गांव आहे. प्रवाशांचें लक्ष वेधावें म्हणून १८६० नंतरच्या दशकांत त्याचें नांव ताणून रोमन लिपींत ५८ अक्षरांचें केलें गेलें, व तेवढ्यासाठींच लोक तेथील स्टेशनाची पाटी पाहावयास जातात. आम्हांस तें गांव दोन निराळ्या कारणांनीं स्मरणीय वाटतें. पहिलें, व्याकरणकार सर जॉन मॉरिस-जोन्स येथें वाढले. त्यांनीं १९१३ मध्यें वेल्श भाषेचें ऐतिहासिक व तुलनात्मक व्याकरण प्रसिद्ध केलें. ज्या तौलनिक शास्त्राची दिशा मोनच्या एका नातवानें कलकत्त्यास दाखविली, त्याच शास्त्राच्या आधारें मोनच्या दुसऱ्या पुत्रानें आपल्या भाषेचीं रूपें उलगडलीं. ऋण असें फिटलें. दुसरें कारण आमच्या वाचक-भगिनींस आवडेल. ग्रामीण गृहिणींनीं एकत्र येऊन गृहशास्त्र, बागाईत, फळें-भाज्या टिकविण्याच्या रीति शिकाव्यात यासाठीं १८९७ मध्यें कॅनडांत निघालेल्या महिलासंस्थेची ब्रिटनमधील पहिली शाखा १९१५ सालीं, युद्धांत धान्याची टंचाई भासूं लागली असतां, याच गांवीं निघाली. वेल्सच्या मातेच्या भूमींत हें घडावें हें साजेसेंच झालें.

१९७४ मध्यें राज्यकारभाराच्या सोयीसाठीं मोन हा जिल्हा मोडून ग्विनेदमध्यें मिळविण्यांत आला. १९९६ मध्यें तो पुनः स्वतंत्र झाला. मध्यंतरीं बावीस वर्षें तो ग्विनेदचा भाग होता, तरी त्याचें नांव लोकांच्या तोंडीं कायम होतें. विल्वा येथील अणुवीजकेंद्र १९७१ मध्यें चालू झालें व २०१५ च्या अखेरीस बंद पडलें. अल्युमिनियमचा मोठा कारखाना २००९ मध्यें थांबला. कामासाठीं तरुण बाहेर जातात. समुद्रकांठचीं घरें बाहेरचे सधन लोक सुटींत राहण्यास घेतात. वेल्श भाषेस आज कायद्याचा भक्कम आधार आहे, १९८२ पासून तिची स्वतःची दूरचित्रवाहिनी आहे, आणि बेटावरील शाळांत ती शिकविली जाते. तरीहि २०११ च्या खानेसुमारींत मोनमधील शंभरांपैकीं ५७.२ लोकांस वेल्श येत होती, त्या जागीं २०२१ मध्यें ५५.८ लोकांस येते असें आढळलें. राजे, सरदार, कमिशनर यांस जें साधलें नाहीं तें आतां हळूहळू, कोणीं जबरदस्ती न करितां, घडत आहे.

हिशेबाची बेरीज आतां करतां येईल. देवराया गेल्या, राजसभा गेली, तांबें गेलें. जिल्हादेखील एकदां जाऊन आला. राहिली ती भाषा, आणि ती राखिली कोणा राजानें नव्हे. चुलीपाशीं, बांकावर शेजारीं बसून, वडील माणसांनीं ती मुलांस दिली म्हणून ती राहिली. जेथें हें देणें थांबलें तेथें, सर विल्यम जोन्ससारख्या अलौकिक बुद्धीच्या पुरुषासहि, ती पुनः मिळाली नाहीं. ग्रंथ व कोश घेऊनहि ती यादींतल्या तिसऱ्या वर्गापलीकडे गेली नाहीं.

आपल्या एकत्र कुटुंबांतहि आज तेंच घडत आहे. एक मुलगा बंगलोरास, दुसरा परदेशीं, नातवंडें इंग्रजी शाळेंत. आजी मराठींत विचारते व नातू इंग्रजींत उत्तर देतो. इंग्रजीचा द्वेष करण्याचें कारण नाहीं. मोनच्या आईबापांप्रमाणें आपणहि मुलांचें कल्याणच इच्छितों. परंतु शाळेनें शिकवावें, सरकारनें राखावें असें म्हणून हात झटकणें योग्य नव्हे, कारण मोनमध्यें शाळा व कायदा दोन्ही अनुकूल असतांहि आंकडा खालीं आला. ज्या घरांत आजीआजोबा आहेत तेथें रात्रीचें जेवण तरी मराठींत व्हावें. जीं नातवंडें दूर आहेत त्यांच्याशीं फोनवर बोलतांना आजोबांनीं आपण होऊन इंग्रजीकडे वळूं नये. नातवानें अडखळत दिलेल्या उत्तरास हंसूं नये. एवढें या महिन्यापासून घराघरांत चालू झालें तर मोनची ही कहाणी सांगितल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.